रेंटन : रंगाऱ्यांच्या गावाचा फुटबॉल क्लब

रेंटन हे गाव सोलापूरकराला फार समजावून सांगावं लागत नाही. एक नदी, नदीकाठी कापड धुण्याची आणि रंगवण्याची खाती, खात्याच्या भोंग्यावर चालणारा दिवस, भिंतीला भिंत लावून उभी कामगारांची घरं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या वायव्येला लोमंड सरोवरातून लेव्हन नदी निघते आणि जेमतेम दहा किलोमीटर वाहून डंबार्टनपाशी क्लाइड नदीला मिळते. या एवढ्याशा खोऱ्यात अलेक्झांड्रिया, बॉनहिल, रेंटन अशी गावं एकामागोमाग एक बसली आहेत. त्यातल्या काही हजार वस्तीच्या रेंटननं १८८८ साली इंग्लंडचा कपविजेता संघ हरवला आणि आपल्या मैदानावर ‘जगज्जेते’ अशी पाटी लावली.

त्या काळी हे खोरं ओळखलं जायचं ते तांबड्या रंगासाठी. ‘टर्की रेड’ म्हणजे सुती कापडावर बसणारा, उन्हानं आणि धुण्यानं न उतरणारा लाल. आपल्याकडे दख्खनमध्ये हेच काम आल या झाडाच्या मुळांनी व्हायचं. रेंटनच्या कॉर्डेल आणि डॅलहर्न या खात्यांत ते मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांनी व्हायचं, आणि १८६९ नंतर कारखान्यात बनवलेल्या अलिझरीन या रंगद्रव्यानं. पद्धत किचकट होती. आधी सूत किंवा कापड तेलात पुन्हापुन्हा भिजवून वाळवायचं, मग तुरटीत घालायचं, मग रंगाच्या हौदात उकळायचं, शेवटी साबणाच्या पाण्यात उकळून रंग उजळवायचा. तेलाचा हात अपुरा पडला तर रंग वरवर राहतो आणि घासल्यावर हाताला लागतो. या रंगाला चुन्याचा अंश लागतोच, पण तो मापानं घालता यायला हवा. म्हणून मूळ पाणी मृदू आणि नितळ असलं की रंगारी निश्चिंत असतो. लेव्हनचं पाणी तसं होतं. बोअरच्या जड पाण्याशी झगडणाऱ्या आपल्या अक्कलकोट रोडच्या रंगखात्यांत याचं मोल कुणालाही कळेल.

हा लाल माल मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात यायचा. गाठींवर आणि ठाणांवर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्यांवर आपले देव, हत्ती, मोर छापलेले असायचे. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली उभी राहिली. त्याच वर्षी रेंटनच्या शेजारच्या अलेक्झांड्रियातल्या व्हेल ऑफ लेव्हन या क्लबनं पहिल्यांदा स्कॉटिश कप जिंकला. पुढच्या दोन वर्षीही तो त्यांच्याकडेच राहिला.

फुटबॉल या गावांत का रुजला

हवामान, रक्त, डोंगराळ लोकांची जिद्द अशी कारणं लोक सांगतात. माझ्या मते खरी कारणं साधी आहेत. पहिलं म्हणजे शनिवारची दुपार. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं ब्रिटनमधल्या कापडगिरण्यांत स्त्रिया आणि मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं. बायका-मुलं गेल्यावर एकट्या पुरुषांवर खातं चालत नाही, म्हणून पुरुषांनाही सुट्टी मिळाली. पुढच्या कायद्यांनी ही सवलत रंगखात्यांपर्यंत आणली. आठवड्यातून एकदा सगळं गाव एकाच वेळी मोकळं होणं हा क्लबचा पाया होता. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यानं रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. मैदानं कितीही असली तरी अशी सुट्टी नसेल तर संघ उभा राहत नाही.

दुसरं कारण शिंटी. वाकड्या काठ्यांनी चेंडू मारत खेळायचा हा हायलँडचा खेळ लेव्हनच्या खोऱ्यात आधीपासून होता. म्हणजे संघ करणं, गावागावांत सामने लावणं, हरल्यावर वर्षभर ते मनात ठेवणं ही सवय तयार होती. तिसरं कारण शिकवणारे. ग्लासगोचा क्वीन्स पार्क हा १८६७ सालचा क्लब आजूबाजूच्या गावांत जाऊन खेळ दाखवत असे. १८७२ साली व्हेल ऑफ लेव्हन सुरू झाला तो त्यांच्याच मदतीनं, आणि रेंटनही त्याच वर्षीचा. या शिकवणीची फेड व्हेल ऑफ लेव्हननं डिसेंबर १८७६ मध्ये केली. स्कॉटलंडमधल्या क्लबकडून क्वीन्स पार्कला मिळालेला तो पहिला पराभव.

स्कॉटिश कप १८७३ साली सुरू झाला, तेव्हा पहिल्या सोळा क्लबांत रेंटन होता. १८७५ ची अंतिम फेरी ते क्वीन्स पार्ककडून ०-३ अशी हरले. दहा वर्षांनी, १८८५ साली, शेजारच्या व्हेल ऑफ लेव्हनशी अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात रेंटननं तो ३-१ जिंकला. चालत जाण्याच्या अंतरावरची दोन गावं देशाच्या अंतिम फेरीत! १८८८ ची अंतिम फेरी तर कँबसलँगविरुद्ध ६-१. स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात यापेक्षा मोठा विजय आजवर कुणाला मिळालेला नाही. सेल्टिक क्लबनं १९७२ साली बरोबरी केली, इतकंच.

ते खेळायचे कसे

इथं थोडं थांबायला हवं, कारण रेंटनचं खरं देणं इथं आहे.

तेव्हाचा ऑफसाइडचा नियम आजच्यापेक्षा कडक होता. चेंडू पुढे दिला जाईल त्या क्षणी तुमच्या आणि समोरच्या गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू हवेत, नाहीतर तुम्ही ऑफसाइड, म्हणजे खेळातून बाद. आज दोन पुरतात. हा बदल १९२५ सालचा. शिवाय तेव्हा स्वतःच्या अर्ध्या मैदानातही ऑफसाइड धरला जायचा. ती सूट १९०७ साली आली. याचा परिणाम असा की चेंडूच्या पुढे पळणं म्हणजे स्वतःला बाद करून घेणं. इंग्लंडमध्ये त्यावरचा उपाय होता चेंडू पायाशी ठेवून एकट्यानं घुसायचं आणि बाकीच्यांनी मागून धावायचं. स्कॉटलंडमधल्या संघांनी दुसरा उपाय काढला. चेंडू आडवा किंवा तिरका मागे द्यायचा, ज्यानं दिला त्यानं लगेच चेंडूच्या रेषेत यायचं, आणि अशा जोड्यांनी पुढे सरकायचं. उजव्या बाजूला एक जोडी, डाव्या बाजूला एक. दोघांमध्ये आठ-दहा मीटर अंतर. त्याहून लांब गेलं की चेंडू मध्येच कापला जातो, जवळ आलं की एकच बचावपटू दोघांना अडवतो.

आधी स्कॉटलंडमध्ये सहा जण पुढे ठेवायची रीत होती. रेंटननं सहावा पुढचा खेळाडू मागे घेतला आणि मधल्या फळीच्या मधोमध उभा केला. दोन बॅक म्हणजे बचावपटू, मधल्या फळीत तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. जेम्स केली हा तो मधला खेळाडू. बचावात तो समोरच्या मधल्या फॉरवर्डला धरायचा आणि चेंडू मिळाला की दोन्ही पंखांना, म्हणजे कडेच्या खेळाडूंना, वाटायचा. ही मांडणी एकट्या रेंटननं शोधली असं म्हणणं जास्त होईल, इंग्लंडमध्येही ती येत होतीच. पण स्कॉटलंडमध्ये ती बसवून दाखवली केलीनं.

यासाठी अकरा जण रोज एकमेकांसोबत असायला हवेत. एकाच खात्यात काम, एकाच गल्लीत घर, संध्याकाळी त्याच गवतावर खेळ. समोरचा कुठल्या पायानं चेंडू देतो हे लहानपणापासून माहीत. रेंटनची ताकद अकरा खेळाडूंपेक्षा त्यांच्या या शेजारात होती असं मला ठाम वाटतं. पुढे जे झालं ते त्यामुळेच समजतं.

खाण्यापिण्याचीही एक आख्यायिका आहे. रेंटनचे खेळाडू सामन्याआधी ‘चिकन ब्री’ नावाचं पेय घेत. नावात कोंबडी असली तरी ते पोर्ट वाइनमध्ये फेटलेलं अंडं होतं असं सांगतात.

१९ मे १८८८

त्या वर्षीचा इंग्लिश एफए कप वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडे होता. स्कॉटिश आणि इंग्लिश कपविजेत्यांचा सामना ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ठरला. त्या दिवशी वादळी पावसानं मैदानाचा चिखल केला होता. रेंटन ४-१ जिंकलं. त्या काळी फुटबॉल गंभीरपणे खेळणारे देश म्हणजे ब्रिटनमधलेच, त्यामुळे ‘जगज्जेते’ हा शब्द गावाला मोठा वाटला नाही. टोंटाइन पार्क या त्यांच्या मैदानावरच्या पॅव्हेलियनवर ती पाटी लागली. त्या विजयाचा चषक आज हॅम्पडनच्या स्कॉटिश फुटबॉल म्युझियममध्ये आहे.

आणि बरोबर नऊ दिवसांनी, २८ मे रोजी, ग्लासगोच्या पूर्व भागात सेल्टिक नावाच्या नव्या क्लबनं आपला पहिला सामना खेळला. त्यांच्या संघात जेम्स केली होता. सेल्टिकच्या इतिहासातला पहिला गोल केला नील मॅक्कॅलमनं, तोही रेंटनचाच. अँड्र्यू हॅना हा रेंटनचा बॅक पुढे एव्हर्टनचा कर्णधार झाला, १८९१ चं इंग्लिश लीग विजेतेपद त्याच्या नेतृत्वाखाली आलं, नंतर तो लिव्हरपूलचाही कर्णधार होता. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणं १८८५ सालीच कायदेशीर झालं होतं. स्कॉटलंडमध्ये कागदोपत्री सगळे हौशी होते. म्हणजे रेंटनला खेळाडू धरून ठेवण्यासाठी उघडपणे काही देता येत नव्हतं आणि नेणाऱ्यांचा हात मात्र मोकळा होता.

लीग त्यांनी मागितली, आणि लीगनंच त्यांना संपवलं

मार्च १८९० मध्ये रेंटनच्या सचिवानं, पीटर फेअर्लीनं, इतर क्लबांना पत्र पाठवलं : ठरलेल्या तारखांना ठरलेले सामने खेळायची लीग करू या. त्या आधी कपचे सामने सोडले तर बाकी सगळे मैत्रीचे सामने असत. समोरचा संघ ऐनवेळी आला नाही तर तिकिटांचे पैसे परत आणि गावाचा शनिवार वाया. त्या दृष्टीनं मागणी अगदी रास्त होती. ऑगस्टमध्ये अकरा क्लबांची स्कॉटिश लीग सुरू झाली. त्यातले तीन, म्हणजे डंबार्टन, रेंटन आणि व्हेल ऑफ लेव्हन, त्याच दहा किलोमीटरच्या नदीवरचे. पहिलं विजेतेपद डंबार्टन आणि रेंजर्स यांनी वाटून घेतलं.

रेंटननं त्या वर्षी पाचच सामने खेळले. एडिनबराच्या सेंट बर्नार्ड्स क्लबवर खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल बंदी होती. त्यांनी ‘एडिनबरा सेंट्स’ या नावानं संघ उतरवला आणि रेंटन त्यांच्याशी खेळला. फुटबॉल संघटनेनं रेंटनलाच बाहेर काढलं आणि त्यांचे लीगमधले निकाल पुसून टाकले. क्लब कोर्टात गेला, जिंकला, पुढच्या हंगामात परतला. पण ज्यांनी लीगची कल्पना मांडली त्यांचं पहिल्याच वर्षाच्या तक्त्यात नाव नाही, हे वाचताना आजही वाईट वाटतं.

१८९३ साली स्कॉटलंडमध्येही व्यावसायिक फुटबॉलला परवानगी मिळाली. त्यानंतरचं गणित सरळ होतं. क्लबची कमाई म्हणजे दारावरचं तिकीट. ग्लासगोच्या क्लबाच्या दाराशी लाखोंचं शहर होतं आणि रेंटनच्या दाराशी गाव. सगळं गाव आलं तरी आकडा ठरलेला. खर्च मात्र दोघांचा सारखा : खेळाडूंचं मानधन, रेल्वेचं भाडं, मैदानाची निगा. १८९५ साली ते आणखी एकदा कपच्या अंतिम फेरीत पोचले आणि सेंट बर्नार्ड्सकडूनच १-२ हरले. १८९७-९८ च्या हंगामात चार सामने खेळून रेंटननं लीग सोडली, त्यांची जागा हॅमिल्टन अकॅडेमिकलनं घेतली. व्हेल ऑफ लेव्हनची हीच गत त्याआधीच झाली होती. १८९१-९२ च्या बावीस सामन्यांत त्यांना एकही विजय मिळाला नाही. कँबसलँग, काउलेअर्स, अॅबरकॉर्न हे पहिल्या अकरांतले इतर छोटे क्लबही गेले. रेंटन खालच्या पातळीवर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तग धरून होता.

खोऱ्यातली रंगखाती १८९८ मध्ये एकत्र येऊन युनायटेड टर्की रेड कंपनी झाली, पुढे तीही गेली. व्हेल ऑफ लेव्हनच्या नावाचा क्लब मात्र अलेक्झांड्रियात अजून आहे, मिलबर्न पार्कवर. मधल्या काळात तो ‘ज्युनियर’ फुटबॉलमध्ये होता आणि १९५३ साली स्कॉटिश ज्युनियर कपही त्यानं जिंकला. या शब्दानं आपला गोंधळ होतो. तिथं ‘ज्युनियर’चा वयाशी काही संबंध नाही, ती क्लबांची पातळी आहे.

रेंटनच्या नियमांनी सोलापुरात एक सामना

वाचून हा खेळ अर्धाच कळतो. बावीस जण आणि एक सकाळ मिळाली तर १८८८ च्या नियमांनी खेळून बघावं. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. जानेवारीत होम मैदान गड्ड्याच्या यात्रेत असतं, ते धरू नये. एप्रिलपासून सकाळी आठनंतर मैदान तापतं.

मैदानाची लांबी तेव्हा किमान १०० यार्ड आणि रुंदी किमान ५० यार्ड लागायची. शाळा-कॉलेजच्या मैदानावर ९२ मीटर बाय ५५ मीटर बसतं. काटकोनासाठी गवंड्याचीच रीत : एका बाजूवर ९ मीटर, दुसऱ्या बाजूवर १२, आणि दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर १५ आलं की कोपरा बरोबर. ३-४-५ मीटरवर हे केलं तर तिथली पाच सेंटिमीटरची चूक ५५ मीटरवर जवळजवळ एक मीटर होते, म्हणून मोठं माप घ्यावं. नायलॉनची दोरी ताणते, टेपच वापरावी. शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही १०७.२ मीटर आले पाहिजेत. रेषा दहा सेंटिमीटर रुंद धरली तर चारही बाजूंना साधारण तीस किलो फक्की लागते. कळीचा चुना अजिबात वापरू नये, घामावर आणि डोळ्यांत गेला तर भाजतो. पूर्ण विरवलेला आणि वाळवलेला चुनाच घ्यावा. गोलपुढच्या पेट्या आखायच्या नाहीत. त्या १९०२ सालच्या.

मुरूम आदल्या संध्याकाळी भिजवून सकाळी रोलर फिरवला तर धूळ बसते. काळ्या मातीचं मैदान असेल तर उलट कमी पाणी द्यावं, नाहीतर बुटांना गोळे चिकटतात. तिथल्या भेगा चाळलेल्या मातीनं आधीच बुजवाव्यात. नुसत्या वाळूनं बुजवल्या तर पाय रुततो आणि घोटा मुरगळतो.

गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. चार बांबू प्रत्येकी ३.०५ मीटरचे, म्हणजे ६० सेंटिमीटर जमिनीत गाडता येतील. आडवी दांडी बांबूची केली तर मधोमध झोल पडतो. १८८२ पूर्वी अनेक ठिकाणी दोन खांबांच्या मध्ये नुसती पट्टी ताणत, आणि इथं आपल्याकडे त्यासाठी खाटेची सुती नवार मिळते. नवार ताणली की खांब आत झुकतात, म्हणून प्रत्येक खांबाला बाहेरच्या बाजूनं दोरीचा ताण देऊन खुंटी ठोकावी. जाळी लावू नये. जाळी १८९१ ची.

चेंडू नेहमीचा पाच नंबर. जुना चेंडू फार जड होता असं म्हणतात, पण १९३७ पर्यंतच्या नियमात कोरडं वजन १३ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम होतं. आजचा ४१० ते ४५० असतो. जुनं चामडं पाणी प्यायचं, जडपणा तिथून यायचा. कडक मुरुमावर चेंडू उसळून पास निसटतात, तेव्हा हवा नियमातल्या खालच्या मर्यादेपाशी, साडेआठ पीएसआयजवळ ठेवावी.

पेनल्टी नाही, ती १८९१ सालची. बदली खेळाडू नाहीत. गोलकीपरला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठंही चेंडू हातात घेता येतो. त्याला खांद्यानं धक्का द्यायची तेव्हा मुभा होती, पण मुरुमावर ती ठेवू नये. प्रत्येक संघाचा एक पंच मैदानात, आणि दोघांचं पटलं नाही तर बाहेरच्या रेफरीकडे जायचं. क्रिकेटसारखं अपील केल्याशिवाय फाउल मिळत नाही. मुलं हे विसरतात, रेफरीकडे बघत उभी राहतात आणि तेवढ्यात गोल होतो. खेळाआधी दोनदा सांगावं.

पहिली दहा मिनिटं सगळे ऑफसाइड होतील, कारण आजच्या मुलांना चेंडूच्या पुढे पळायची सवय आहे. उपाय एकच : पाचही फॉरवर्डनी चेंडूच्या रेषेत किंवा मागे राहायचं आणि पास आडवा द्यायचा. बचाव करणाऱ्यांना हेही सांगावं की एकच बॅक पुढे सरकला तरी समोरचे सगळे ऑफसाइड होतात, पण दोघं एकदम सरकले तर मागे फक्त गोलकीपर उरतो आणि चेंडू पायाशी घेऊन आलेल्याला अडवायला कुणी नसतं. केलीच्या जागेवर सर्वात दमदार मुलगा नको, ज्याची नजर दोन्ही बाजूंना फिरते तो ठेवावा. आणि शक्य असेल तर एकाच गल्लीतल्या दोघांना एका पंखावर द्यावं. दुसऱ्या अर्ध्या वेळेत त्यांचा खेळ बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसायला लागतो.

सामना झाला की बांबू उपसून ६० सेंटिमीटरचे चारही खड्डे त्याच दिवशी भरावेत, थरथरानं, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं ठोकून. नुसती माती लोटली तर पहिल्या पावसात ती खचते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पळायला येणाऱ्याचा पाय तिथंच जातो.